अम्मीचा शनिवारचा वर्ग

इंदापूर, ६ जुलै २०२५

शबीनास,

सलाम आणि दुवा.

फोन तू उचलत नाहीस. बरंच आहे म्हणा. फोनवर माझा आवाज चढतो, आणि एकदा चढला की तो मला खाली आणता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? कागदावर तेवढा चढत नाही. दहावीपर्यंत शिकलेली बाई आहे मी. कळंबच्या शाळेत शुद्धलेखनात माझ्या पुढं कुणी नव्हतं. म्हणून लिहिते.

तुला जाऊन आज बारा दिवस झाले. लोक विचारतात, सून कुठं गेली. मी सांगते, लोणी भापकरला माहेरी गेली, आईला बरं नाही. तुझ्या आईची तब्येत अल्लाह चांगली ठेवो. मला दुसरं काही सुचलं नाही.

आणि झालं तरी काय होतं शबीना? पोरीनं गोधडी भिजवली. मी ती अंगणात दोरीवर वाळत घातली. ऊन पडलं होतं. सात वर्षांची घोडी झाली, दुसरीत गेली, जरा लाज वाटली म्हणजे सुधारेल, असं मी बोलले असेन. एवढ्यावर कुणी लेकराला घेऊन घर सोडतं? माझ्या शहबाजनंसुद्धा तुला अडवलं नाही. त्यावरून तूच ओळख की चूक कुणाची होती.

काल साजियाच्या शाळेतून निरोप आला, मुलगी का येत नाही. शहबाज आणि त्याचे अब्बा दुकानात जळालेल्या पाण्याच्या मोटारींमध्ये गुंतलेले, म्हणून मीच गेले. बाई म्हणाल्या, आज पालकांचा वर्ग आहे, आलाच आहात तर बसा. दर शनिवारी असतो म्हणे. बारामतीहून कुणी सुकन्याताई येते, मानसशास्त्र शिकलेली. अकरा आया, एक बाप, आणि मी आजी. सगळे पोरांच्या बाकांवर. माझे गुडघे बाकाखाली मावेनात.

ही सुकन्याताई तिशीची. लग्न झालेलं नाही. मी मनात म्हटलं, पदरी एक लेकरू नाही आणि ही आम्हाला शिकवणार. ती म्हणाली, मुलाचं काही चुकलं की ते मूल कसं आहे ते सांगू नका, काय घडलं ते सांगा. ‘तू वेंधळी आहेस’ म्हणू नका, ‘पाणी सांडलं’ म्हणा. सांडलेलं पाणी पुसता येतं. वेंधळेपणा कशानं पुसणार ते लेकरू?

मी हात वर केला आणि म्हटलं, “ताई, माझा एक पोरगा मोठा झाला, संसाराला लागला. आमी असलं काही केलं न्हाय.”

ती म्हणाली, “मग तुमच्याकडून आम्हाला शिकायला मिळेल. पुढच्या शनिवारी या.”

चिडवत होती की काय, समजलं नाही. मी काही जाणार नाही.

साजियाला दुवा. जेवते का नीट?

तुझी,
अम्मी

इंदापूर, २० जुलै २०२५

शबीनास,

सलाम.

तुझं उत्तर नाही. नसू दे.

मी दोन्ही शनिवारी जाऊन आले. घरात दुपारी बसून तरी काय करू? तू असलीस म्हणजे तू स्वयंपाकघरात काहीतरी गुणगुणत असतेस आणि मी तुला म्हणते, जरा गप बस. आता कुणाला म्हणू?

माझ्या शिवणक्लासमधली राजेश्वरी तुला आठवत असेल. सणसरची, काळीसावळी, नवी लग्न झालेली, सासूनं शिवण शिकायला पाठवलेली. दर ब्लाउजला तिची बाही उलटी लागते. पुढचा मुंढा, म्हणजे खांद्याला जोडायची गोलाई, मागं. आजवर मी तिला काय काय बोलले असेन, तू ऐकलंच आहेस. डोळे फुटलेत का, तुझ्यापेक्षा मशीन हुशार, असलं. बुधवारी पुन्हा तेच झालं. मी म्हटलं, बघू सुकन्याताईचं करून. शांतपणे म्हणाले, “राजेश्वरी, पुढचा मुंढा मागं लागलाय. उसव आणि परत लाव.”

पोरगी ढसाढसा रडायला लागली. बाकीच्या मुलींनी मशिनी थांबवल्या.

मी म्हटलं, “अगं, मी काय बोलले तुला?”

“काहीच न्हाय बोलला बाई,” ती म्हणाली. “म्हणूनच. मला वाटलं, आता तुमी माझा नाद सोडला. रागवायच्या बी लायकीची ऱ्हायले न्हाय मी.”

काय करावं माणसानं? ओरडलं तरी रडतात, नाही ओरडलं तरी रडतात. शनिवारी मी सुकन्याताईपुढं हे भांडणासारखं मांडलं. ती हसली नाही. म्हणाली, “बरोबर आहे तिचं. तुम्ही एकदम बदललात आणि तिला सांगितलं नाहीत. बदलायचं असेल तर समोरच्याला सांगून बदला. नाहीतर त्याला वाटतं, हे काहीतरी नवीन संकट आलं.”

सोमवारी मी क्लासला सांगितलं, “मुलींनो, मी कमी ओरडायचं ठरवलंय. जमेल तेवढं. ओरडले तर ती माझी सवय समजा, तुमची लायकी न्हाय.” मुली एकमेकींकडं बघायला लागल्या. राजेश्वरीची बाही अजून उलटीच लागते. पण आता लावायच्या आधी ती मला विचारते. आधी घाबरून विचारायची नाही. चूक झाल्यावरच मला दिसायची.

अब्बांची गंमत सांगते. वर्गात घरचा अभ्यास मिळाला होता, घरातल्या माणसाला त्याची एखादी केलेली चांगली गोष्ट बोलून दाखवा. नुसतं ‘छान’ नाही, नेमकी गोष्ट. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्या माणसाला असलं काही बोललेली नाही. संध्याकाळी ते दुकानातून आले, चहा प्यायले आणि कप विसळून ठेवला. मी म्हटलं, “तुमी कप स्वतः विसळला, मला बरं वाटलं.”

ते दारातच थांबले. म्हणाले, “कोण गेलं?”

“कोण जाणार? कुणी न्हाय.”

“मग डॉक्टर काय म्हणाला तुला?”

मी इतकी हसले की पदर तोंडात धरावा लागला. तेही हसले, आणि मग खाली बसून म्हणाले, “शबीना न्हाय तर घरात नुसता भांड्यांचा आवाज येतो.”

हे मी त्यांना विचारून लिहिते आहे. म्हणाले, लिही.

तुझी,
अम्मी

इंदापूर, ३ ऑगस्ट २०२५

शबीना,

पहिल्या पत्रात मी लिहिलं की गोधडी दोरीवर वाळत घातली, एवढंच झालं. एवढंच झालं नव्हतं. तुला ते ठाऊक आहे, तू तिथं होतीस. पण मी स्वतःच्या हातानं खोटं लिहिलं, म्हणून स्वतःच्याच हातानं खरं लिहिते.

मी साजियाला दंडाला धरून बाहेर आणलं. गोधडीशेजारी उभं केलं. गल्लीतली चार पोरं शाळेला चालली होती, त्यांना हाक मारून बोलावलं आणि म्हणाले, “बघा रं, दुसरीतली पोरगी अजून गादीत मुतती.” पोरं हसली. मी त्यांना हसू दिलं. साजिया रडली नाही. ती आपल्या पायांकडं बघत होती. तू आतून पळत आलीस, तिला उचललंस आणि मला म्हणालीस, “अम्मी, बास.” तेव्हा मला तुझाच राग आला.

काल वर्गात एका आईनं विचारलं, मुलगा आठ वर्षांचा आहे, अंथरूण ओलं करतो, काय शिक्षा करू? मी मान खाली घातली. सुकन्याताई म्हणाली, शिक्षा कशाची? तो झोपेत आहे. काहींचं शरीर उशिरा तयार होतं. काहींची झोप इतकी गाढ असते की जाग येत नाही. एकदा डॉक्टरांना दाखवा, तपासून घ्या, संध्याकाळनंतर पाणी बेतानं द्या, झोपताना लघवीला पाठवा, आणि गादीवर प्लास्टिक घाला. मुलाला एवढंच सांगा, हे तुझ्या हातात नाही आणि हे जाणार आहे. लाज वाटायला लावलीत तर मूल घाबरतं, आणि घाबरलं की ते जास्त दिवस चालतं.

मग म्हणाली, “बऱ्याचदा आईला किंवा वडिलांना लहानपणी हे झालेलं असतं. घरात विचारून बघा.”

सगळे उठून गेले तरी मी बाकावर बसून होते.

त्याच दुपारी डबा घेऊन मी दुकानात गेले आणि शहबाजशी बोलले. तो त्या दिवशी आत जाऊन दार लावून का बसला, तुझ्या बाजूनं एक शब्द का बोलला नाही, ते त्यानं मला सांगितलं. ते मी इथं लिहिणार नाही. तो म्हणाला, शबीनाला सांगू नको. आधीची मी असते तर आज सकाळीच साऱ्या गल्लीला सांगून मोकळी झाले असते. पण ती गोष्ट त्याची आहे. सांगायची की नाही ते त्यानं ठरवायचं.

एवढंच लिहिते की तो माझ्या बाजूनं नव्हता. तुला तसं वाटलं असेल तर ते काढून टाक. तो तुला भेटायला आला तर दार उघड.

तुझी,
अम्मी

इंदापूर, १७ ऑगस्ट २०२५

शबीना,

परवा झेंडावंदनाच्या दिवशी शहबाज लोणीला येऊन गेला. तू दार उघडलंस. त्यानं त्याचं सगळं तुला सांगितलं, असं तो म्हणाला, आणि मला म्हणाला, आता तुझ्या बाजूचं तू लिही.

त्या दुपारी मी दुकानात गेले तेव्हा अब्बा नमाजला गेले होते. शहबाज तार गुंडाळून एका मोटारीची कॉइल भरत होता. वेढे मोजताना त्याच्याशी बोलायचं नसतं, आकडा चुकला की सगळं उलगडून पुन्हा भरावं लागतं. मी डबा ठेवला आणि स्टुलावर बसले. सुकन्याताई म्हणते, एकदा विचारा आणि मग गप्प बसा, समोरच्याचं संपेपर्यंत. मला ते कधीच जमलं नाही. त्या दिवशी वेढ्यांनी जमवलं. त्यानं तार तोडली, हात पुसले, तेव्हा मी विचारलं, “साजियाला उभं केलं त्या दिवशी तू आत का गेलास?”

त्यानं तोडलेल्या तारेचं टोक वाकवलं. मी जीभ आवरली.

“अम्मी, कळंबला मामाचं लगीन होतं, आठवतंय?” तो म्हणाला. “मी आठ वर्षांचा होतो.”

“लगीन आठवतंय.”

“लग्नाच्या दिवशी सकाळी मी गोधडी भिजवली. तू ती माझ्या डोक्यावर दिलीस आणि घरापासून ओढ्यापर्यंत मला चालत नेलंस. मांडवातनं. सगळी पाव्हणी जेवायला बसली होती. मामेभाऊ मागं मागं आले. मुत्र्या मुत्र्या करीत. पुढं दोन वर्षं कळंबला गेलो की तेच नाव होतं माझं.”

शबीना, मला हे आठवत नाही. खरंच नाही. लग्नाचा मांडव आठवतो, वाढपी आठवतात, माझी हिरवी साडी आठवते. ओढा आठवतो. डोक्यावर गोधडी घेतलेलं पोर आठवत नाही. मी तसं त्याला म्हटलंही.

तो म्हणाला, “तुला कसं आठवंल? तू मला वळण लावत होतीस. तुझ्या लेखी ते एक काम होतं, झालं.” रागानं नाही बोलला. रागानं बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. “साजियाला दोरीखाली बघितलं आणि मी आत जाऊन दार लावलं. तेहेतीस वर्षांचा बाप मी, पण मला वाटलं, मी बाहेर गेलो तर ती पोरं मला हसतील. शबीनाला वाटलं मी तुझ्या बाजूला हाय. तिला कसं सांगायचं? कुठल्या तोंडानं सांगायचं?”

तेवढ्यात अब्बा आले. त्यानं डबा उघडला. आम्ही तिघं जेवलो.

आता दुसरी गोष्ट. हे शहबाजनं लिहायला सांगितलेलं नाही.

लोणीहून तो संध्याकाळी आला. मी विचारलं, साजिया कशी आहे? म्हणाला, “झेंडावंदनाला सगळी पोरं गणवेशात होती. ती घरच्या फ्रॉकवर, रांगेच्या शेवटी. तिथल्या गुरुजींनी वर्गात बसू दिलंय, पण पटावर नाव न्हाय. दाखला गेल्याशिवाय नाव चढत न्हाय. म्हणून गणवेश न्हाय, पुस्तकं न्हाईत. कवायतीला तिचा नंबर बी घेतला न्हाय.”

आणि माझ्याकडं बघत बसला.

तू जुलैच्या सुरुवातीला शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज लिहून शहबाजच्या नावानं पाठवला होतास. पोस्टमननं तो माझ्या हातात दिला. मी पाकीट उघडलं, वाचलं आणि मशीनच्या खणात रिळांच्या खाली ठेवलं. दाखला गेला नाही म्हणजे पोर परत येईल, असा माझा हिशेब होता. पहिलं पत्र लिहिताना अर्ज त्याच खणात होता. शनिवारच्या वर्गाला जाताना होता. वर्गातून शिकून येऊन राजेश्वरीशी शहाण्यासारखी बोलले तेव्हाही होता. तिकडं तुला वाटलं असेल, शहबाजला पर्वा नाही.

एकदा तिला दोरीखाली उभं केलं. दुसऱ्यांदा रांगेच्या शेवटी.

मी उठले, खण उघडला, पाकीट त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, “हे मी दडवलं.”

तो म्हणाला, “माहीत होतं. शबीनानं अर्जाचं विचारलं तवाच कळलं. तू सांगतीस का ते बघत होतो.”

उद्या सोमवारी तो शाळेत अर्ज देईल आणि दाखला घेऊन स्वतः लोणीला येईल. मी शाळेत जाऊन काही बोलणार नाही, कुणाला थांबवणार नाही.

एक विचारायचं आहे. साजियाची माफी मागायला मी येऊ का? नाही म्हणालीस तरी चालेल. खरंच चालेल.

गौहर

लोणी भापकर, ३० ऑगस्ट २०२५

अम्मी,

सलाम.

तुमची सगळी पत्रं मिळाली. पहिलं मी फाडलं. बाकीची ठेवली आहेत.

दाखला पोचला. नाव पटावर चढलं. गणवेश थोडा ढगळ आहे, पण ती तो काढायला तयार नाही. डॉक्टरांनाही दाखवलं. काळजीचं काही नाही म्हणाले. आठवड्यातून एखाद्या वेळी होतं अजून. सकाळी ती मला कानात सांगते, आम्ही चादर बदलतो.

अर्जाचं वाचून दोन दिवस मला जेवण गेलं नाही. ते मी विसरेन असं म्हणत नाही. पण तुम्ही लिहिलं नसतं तर मी यांच्याबद्दल आयुष्यभर मनात अढी धरून बसले असते. हेही खरं आहे.

यांनी सांगितलं त्या दिवशी आम्ही दोघं शेताच्या बांधावर बसून होतो. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

तुम्ही या. दोन गोष्टी सांगते. ‘घरी चला’ म्हणू नका. आणि साजियाला जवळ ओढू नका. ती स्वतः आली तर येऊ द्या.

अब्बांना सांगा, मी गुणगुणते अजून.

शबीना

इंदापूर, १० सप्टेंबर २०२५

शबीना,

सलाम आणि दुवा.

रविवारी मी आले तेव्हा तू चहाच्या निमित्तानं आत गेलीस आणि बराच वेळ बाहेर आली नाहीस. मुद्दाम गेलीस हे मला समजलं. त्या वेळात काय झालं ते तुला साजियानं सांगितलं असेल किंवा नसेल. म्हणून मी सांगते.

निघायच्या आदल्या दिवशी सुकन्याताईनं मला नीट समजावलं होतं. माफी मागताना ‘पण’ म्हणायचं नाही. ‘पण’ आला की माफी संपते आणि वकिली सुरू होते. आणि लेकराला विचारायचं नाही, मला माफ केलंस ना? ते ओझं तिच्यावर टाकायचं नाही. एसटीत मी बारामतीपर्यंत तेच मनात घोळवत आले. शेजारच्या बाईला वाटलं मी तस्बीहचे मणी ओढत जप करतेय.

साजिया अंगणात ओल्या शेंगा फोडत बसली होती. मला बघून उठली नाही. मी थोडं लांब जमिनीवर बसले आणि शेंगा फोडायला लागले. मग म्हणाले, “साजिया, मी तुला त्या पोरांपुढं उभं केलं. मी चुकले. तुझी काही चूक नव्हती. तू झोपेत होतीस.”

बोलून झालं. जीभ ‘पण’ म्हणायला टपली होती, मी दात आवळले.

तिनं दोन शेंगा फोडल्या. म्हणाली, “दादी, त्या पोरांना माहीत हाय का, तू चुकलीस ते?”

मी म्हटलं, “न्हाय.”

“मग त्यांना सांगशील?”

“काय सांगू?”

“हेच. आता सांगितलंस ते.”

“सांगते,” मी म्हटलं. “सगळ्यांना अंगणात बोलावून सांगते.”

तिनं मान हलवली. “सगळ्यांना एकदम नको. एकदम असले की हसत्यात. एकेकाला सांग.”

शबीना, मी दहा शनिवार त्या बाकांवर बसले. सुकन्याताईनं पुष्कळ शिकवलं. हे मात्र तिनं शिकवलं नव्हतं.

तू चहा आणलास तेव्हा ती माझ्या शेजारी सरकली होती. मी तिला हात लावला नाही. टरफलं मात्र आम्ही एकाच सुपात टाकत होतो.

घरी चला असं मी म्हटलं नाही, आता लिहितही नाही. शहबाजनं काल सांगितलं की बारामतीच्या वर्कशॉपमध्ये त्याला काम मिळालंय आणि तो लोणीहून जाऊन येऊन करणार. मी तोंडावर आलेलं आवरलं आणि विचारलं, “तुला बरं वाटतंय का?” म्हणाला, “व्हय.” अब्बा कॉइल भरायला आता एकटेच बसतात. मी डबा घेऊन गेले की वेढे संपेपर्यंत थांबते. काल म्हणाले, “तू हल्ली लई वेळ बसतीस. बस.”

आता पोरांचं.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी इंद्रजितच्या घरी गेले. तो सायकल पुसत होता. त्याला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, “कुठली गोधडी आजी? मला आठवत बी न्हाय.” त्यालाही आठवत नाही, बघ. जो हसतो त्याच्या ध्यानात राहत नाही. तरी मी सगळं पुन्हा सांगितलं. त्याची बहीण आत होती, तिला वेगळं सांगितलं. तिला आठवत होतं. ती म्हणाली, “मी हसले व्हते आजी. घरी आल्यावर मला कसंतरी झालं.” मग म्हणाली, “ती परत आली की मी तिच्याशी खेळीन.” मी म्हटलं, येणं न येणं तिच्या मनावर आहे.

मंगळवारी कोपऱ्यावरच्या घरी गेले. तिथली दोघं. मोठ्याला सांगितलं, त्यानं नुसती मान डोलावली आणि पळाला. धाकटी दारात बसली होती, तिच्यापुढं मी उकिडवी बसले आणि चौथ्यांदा तेच बोलले. पहिल्यांदा बोलताना जड गेलं होतं. चौथ्यांदाही तेवढंच जड गेलं.

पलीकडं ओट्यावर तिची पणजी, दगडाबाई, तांदूळ निवडत होत्या. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून मी बिनधास्त होते. पण त्यांनी सगळं ऐकलं. ताट बाजूला ठेवून म्हणाल्या, “गौहर, हितं ये.”

मला वाटलं, आता ही बाई मला बोलणार. मी गेले.

म्हणाल्या, “माझं लगीन अकराव्या वर्षी झालं. सासरी आले तरी मी आंथरूण भिजवायची. कुणाला ठावं न्हाय. आज तुला सांगते.”

मी त्यांच्या पायरीवर बसले.

“माझ्या सासूनं एकदाच बघितलं. काय बोलली न्हाय. दुसऱ्या दिवसापासनं घरदार उठायच्या आधी मला उठवायची, गोधडी घ्यायची आन् आमी दोघी विहिरीवर. उजाडायच्या आत धुऊन लांबच्या बाभळीवर वाळत घालायची. दीड वर्ष. नवऱ्याला कळलं न्हाय, नणंदांना कळलं न्हाय.” दगडाबाईंनी पदर सारखा केला. “गावातल्या बाया म्हणायच्या, काय कजाग सासू हाय, एवढ्याशा पोरीला तांबडं फुटायच्या आत विहिरीवर राबवती. तिच्या तोंडावर म्हणायच्या. ती म्हणायची, व्हय, हाय मी कजाग.”

एवढं बोलून त्यांनी ताट पुन्हा मांडीवर ओढलं.

मी विचारलं, “आजी, नाव काय होतं तुमच्या सासूचं?”

त्यांनी आठवून बघितलं. मग म्हणाल्या, “आमी आत्ती म्हणायचो गं. नाव कोण घेतंय.”

साजियाला सांग, चौघंही झाली. एकेकाला सांगितलं.

गौहर